याकुतपुऱ्याहून सॅन फ्रान्सिस्कोला गेलेले गाणे
वाचकांचे प्रश्न : संगीत आणि ध्वनिमुद्रिका

प्रश्न : मांडवीजवळच्या एका जुन्या सामानाच्या दुकानात गरब्याच्या आणि हिंदी चित्रपटांच्या रेकॉर्ड्सच्या गठ्ठ्यात दबलेली एक मोठी तबकडी मला मिळाली. तिच्यावर ‘सूफी क्वायर’ हे नाव, १९७३ हे साल आणि सॅन फ्रान्सिस्कोचा उल्लेख आहे. ओळखीच्या कोणत्याही कंपनीचे चिन्ह नाही. दुकानदाराला तिच्याविषयी काहीच ठाऊक नव्हते. घरी आणून ऐकली तेव्हा गाणारे सारे अमेरिकन आणि गाण्याची रीत चर्चमधल्या समूहगानासारखी वाटली, भाव मात्र नामस्मरणाचा आहे. माझे काका म्हणतात की हिचा आपल्या बडोद्याशी संबंध आहे, पण तो कसा, हे त्यांना उलगडून सांगता येत नाही. आपण सांगू शकाल का?
— एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : आपल्या काकांचे म्हणणे खरे आहे, आणि हा संबंध ओझरता नाही. या तबकडीवर जे गायले गेले आहे त्याच्या मुळाशी जाऊ लागलो, तर आपण दांडिया बाजारातून पायी जाता येईल अशा याकुतपुऱ्यातल्या एका घरापाशी येऊन पोहोचतो. ते घर मौलाबक्षांचे. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८८६ मध्ये बडोद्यात जी गायनशाला सुरू झाली, तिचे हे संस्थापक. सुरसागराच्या काठी आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाची जी संगीत-नृत्य-नाट्याची विद्याशाखा आहे, ती याच गायनशाळेची पुढची पिढी. मौलाबक्ष उत्तर हिंदुस्थानी परंपरेतले असूनही त्यांनी म्हैसूरकडे राहून कर्नाटक संगीत आत्मसात केले होते, आणि वर्गात अनेकांना एकाच वेळी शिकवता यावे म्हणून स्वतःची स्वरलेखनपद्धती तयार केली होती. घराण्याची विद्या घरातच राहावी असा दंडक असलेल्या काळात त्यांनी ती फळ्यावर लिहून दाखवली, हे त्यांचे मोठेपण मला कोणत्याही दरबारी सन्मानापेक्षा अधिक वाटते.

याच घरात ५ जुलै १८८२ रोजी त्यांच्या मुलीच्या पोटी इनायत खान यांचा जन्म झाला. वडील रहमत खान पंजाबकडचे, धृपद गाणारे. आजोबांच्या घरी वीणा आणि दोन्ही पद्धतींचे गायन. शिवाय मामा डॉ. अल्लाउद्दीन खान पठाण, ज्यांना महाराजांनी लंडनच्या रॉयल अ‍ॅकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये शिकायला पाठवले होते आणि जे परत आल्यावर बडोदे संस्थानच्या बँडची जबाबदारी पाहू लागले. म्हणजे धृपद, कर्नाटक कृती आणि युरोपीय स्वरमेळ या तिन्ही गोष्टी या मुलाच्या कानावर एकाच छपराखाली पडत होत्या. आपल्या तबकडीवर अनेक कंठ एकाच वेळी निरनिराळ्या स्वरांवर उभे राहून ईश्वराचे नाव घेताना जो परिणाम होतो, तो ऐकताना या घराची आठवण ठेवावी, असे मी सुचवीन, कारण भक्तीचा आशय आणि पाश्चात्त्य स्वरमेळ यांची गाठ सॅन फ्रान्सिस्कोत पडण्याच्या कितीतरी आधी ती याकुतपुऱ्यात पडलेली होती.

इनायत खान तरुणपणी गायनशाळेत शिकवत होते. पुढे ते हैदराबादला गेले, निजाम मीर महबूब अली खान यांनी त्यांना ‘तानसेन’ ही पदवी दिली, आणि तिथेच त्यांना चिश्ती या सूफी परंपरेतले गुरू सय्यद अबू हाशिम मदनी भेटले. गुरूंचे देहावसान १९०७ मध्ये झाले. पूर्व आणि पश्चिम यांना आपल्या संगीताने जोडावे, ही त्यांची आज्ञा शिरोधार्य मानून इनायत खान १३ सप्टेंबर १९१० रोजी बंधू महबूब खान आणि नात्यातले मोहम्मद अली खान यांच्यासह मुंबईहून अमेरिकेकडे निघाले. तिथे सुरुवातीच्या काळात त्यांना रूथ सेंट डेनिस या प्रसिद्ध नर्तकीच्या कार्यक्रमांत साथ करावी लागली. हिंदुस्थानी गाणे म्हणजे पौर्वात्य नृत्याच्या पाठीमागची शोभा, एवढीच त्या श्रोत्यांची समज होती. तरीही १९११ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मुक्कामात त्यांना एडा मार्टिन या बाई भेटल्या. इनायत खान यांनी त्यांना दीक्षा देऊन राबिया हे नाव दिले, आणि पश्चिमेतल्या त्यांच्या शिष्यपरंपरेची सुरुवात तिथून झाली. पुढे इंग्लंड आणि फ्रान्समध्ये राहून त्यांनी सूफी विचारांचा प्रसार केला, हळूहळू मैफिली सोडल्या, वीणाही बाजूला ठेवली आणि केवळ प्रवचनांच्या मार्गाने नाद, लय आणि ध्यान यांविषयी ते बोलत राहिले. ५ फेब्रुवारी १९२७ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. निजामुद्दीन औलियांच्या दर्ग्याजवळच त्यांची समाधी आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या गुप्त कामगिरीवर असताना १९४४ मध्ये दाखाऊच्या छळछावणीत मारली गेलेली नूर इनायत खान ही त्यांचीच कन्या. बडोद्यातल्या अनेकांना हे घराणे तिच्यामुळेच माहीत असते.

आता आपल्या तबकडीकडे येऊ. राबिया मार्टिन यांच्याकडे सॅन फ्रान्सिस्कोत येऊ लागलेला एक तरुण म्हणजे सॅम्युअल लुईस. ज्यू कुटुंबात जन्मलेल्या या माणसाला १९२३ मध्ये खुद्द इनायत खान यांच्याकडून दीक्षा मिळाली. त्याने पुढे झेन साधनाही केली, आणि हिंदुस्थानात आल्यावर केरळमधल्या कान्हनगडच्या आनंदाश्रमात पापा रामदास या संतांच्या सहवासात नामस्मरणाचा अनुभव घेतला. पापा रामदासांचा मंत्र ‘ॐ श्रीराम जय राम जय जय राम’ हा होता; ॐकार वगळला तर तो समर्थांचाच त्रयोदशाक्षरी मंत्र, जो आपल्या मराठी घरांत मनाच्या श्लोकांबरोबर पिढ्यान्पिढ्या म्हटला जातो. लुईस यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोच्या तरुण मुलामुलींना वर्तुळात उभे करून, हात धरून, साध्या पदन्यासावर निरनिराळ्या धर्मांतली ईश्वराची नावे म्हणायला लावली. या सामूहिक नृत्यांमध्ये अल्लाचा जिक्र, म्हणजे नामस्मरण, होता तसे रामनामही होते. या उपक्रमाच्या प्रेरणांमध्ये लुईस यांनी आवर्जून मानाचे स्थान दिले ते रूथ सेंट डेनिस यांना. इनायत खान ज्यांच्या कार्यक्रमांत साथीला बसले होते त्याच या बाई. जानेवारी १९७१ मध्ये लुईस वारले.

त्यांच्याभोवती जमलेल्या मंडळींत विल्यम अल्लाउद्दीन मॅथ्यू हे संगीतकार होते. अल्लाउद्दीन हे त्यांचे सूफी मार्गावरचे नाव. इनायत खान यांच्या मामांच्या नावाशी ते जुळते, पण त्या दोघांचा गोंधळ करू नये. मॅथ्यू मूळचे जाझ संगीतातले, स्टॅन केंटन यांच्या वाद्यवृंदासाठी संगीतरचना केलेले. त्यांनी १९६९ मध्ये ‘सूफी क्वायर’ हा गायकवृंद उभा केला, आणि आपल्या हाती आलेली १९७३ ची तबकडी ही त्या वृंदाची पहिली. तिच्यावर परिचित कंपनीचे चिन्ह का नाही, याचे कारणही यातच आहे. त्या काळी अमेरिकेत लहान धार्मिक मंडळे, शाळा, चर्चे स्वतःच्या खर्चाने ध्वनिमुद्रण करून घेत, एखाद्या कारखान्याकडून बेताच्या प्रती काढून घेत आणि त्या आपल्याच मेळाव्यांतून विकत. अशा तबकड्या दुकानांच्या यादीत येत नसत, म्हणून त्या आज दुर्मीळ ठरतात. इनायत खान यांचे परदेशी अनुयायी त्यांचे जन्मस्थान पाहायला बडोद्याला येत आले आहेत, आणि विद्यापीठामुळे इथून अमेरिकेला जाऊन परतलेल्यांची घरेही शहरात कमी नाहीत; त्यामुळे अशी एखादी प्रत मांडवीच्या गठ्ठ्यात सापडावी यात मला काही अघटित वाटत नाही.

बडोद्याशी आणखी एक धागा आहे. मॅथ्यू यांनी पुढे पंडित प्राणनाथ यांच्याकडे दीर्घकाळ हिंदुस्थानी गायनाचे शिक्षण घेतले. प्राणनाथ किराणा घराण्याचे, उस्ताद अब्दुल वहीद खान यांचे शिष्य. आणि वहीद खान हे उस्ताद अब्दुल करीम खान यांच्या नात्यातले. अब्दुल करीम खान एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बडोदे दरबारी होते, इथूनच ते ताराबाई माने यांच्यासह बाहेर पडले, आणि त्यांची कन्या हिराबाई या तर आयुष्यभर बडोदेकर म्हणूनच ओळखल्या गेल्या. एका अमेरिकन गायकवृंदाचा सूफी मार्ग मौलाबक्षांच्या घराशी जाऊन मिळतो आणि त्याच्या प्रमुखाचे पुढचे स्वरशिक्षण किराण्याशी. या दोन्ही वाटांवर बडोदे लागते, हे मला अतिशय महत्त्वाचे वाटते. आपण इथे भातखंड्यांची १९१६ ची अखिल भारतीय संगीत परिषद आणि फैयाज खान यांची दरबारी गायकी यांचा उल्लेख अभिमानाने करतो, तो करावाच. परंतु बडोद्याच्या संगीताची ही तिसरी वाट, जी रंगमहालातून न जाता साधनेतून गेली, तिचीही नोंद शहराच्या इतिहासात तेवढ्याच ठळकपणे असायला हवी.

ऐकताना एक पथ्य पाळावे. राग शोधू नये, आणि आलाप नाही म्हणून हिरमुसू नये. आपले संगीत एका स्वरानंतर दुसरा स्वर असे उलगडते. इथे तीन-चार स्वर एकदम उभे राहतात, आणि रस त्यांच्या परस्परांतल्या अंतरात असतो. पहिल्यांदा फक्त सर्वांत खालच्या पुरुषी आवाजावर लक्ष ठेवून एक बाजू ऐका, दुसऱ्यांदा वरच्या स्त्री-आवाजांवर, आणि तिसऱ्यांदा सगळे मिळून. काही जागा आपल्या कानाला भाबड्या वाटतील. पण वारकरी दिंडीतल्या अभंगाचे मोल आपण प्रत्येकाचा सूर तपासून ठरवत नाही, त्याच न्यायाने हेही ऐकावे.

प्रश्न : वरीलच तबकडीवर पांढरट डाग आहेत आणि कडेला थोडा बाक आला आहे. घरी आजोबांचा एचएमव्हीचा ‘फिएस्टा’ रेकॉर्ड प्लेयर आहे. त्यावर ती वाजवत राहिलो तर चालेल का? स्वच्छ कशी करावी?

उत्तर : त्या प्लेयरवर ती पुन्हा लावू नका, ही माझी आग्रहाची विनंती. जुन्या पेटी-प्लेयरमधले सिरॅमिक किंवा क्रिस्टल पिकअप (सुई धरणारा आणि तिची थरथर आवाजात बदलणारा भाग) सुईवर चार-पाच ग्रॅम किंवा त्याहून अधिक भार टाकते. आजच्या बऱ्याचशा साध्या मॅग्नेटिक कार्ट्रिजना दीड ते दोन ग्रॅम पुरतात. त्यात सुई नीलमण्याची आणि वर्षानुवर्षे न बदललेली असेल, तर तिचे टोक झिजून धारदार झालेले असते आणि ती प्रत्येक वेळी खाचेची भिंत खरवडते. हे नुकसान भरून येत नाही. दुर्मीळ तबकडी असेल तेव्हा हिऱ्याची चांगली सुई असलेला टर्नटेबल चार दिवस उसना आणावा, पण घाई करू नये. आजोबांचा प्लेयर दुरुस्त करून जरूर ठेवा. ज्यांच्या प्रती मुबलक आहेत अशा तबकड्यांसाठी तो उत्तम आहे.

पांढरट डाग हे बहुधा बुरशीचे आहेत. बडोद्याच्या पावसाळ्यात, कागदी आतल्या पाकिटात, भिंतीला लागून ठेवलेल्या तबकड्यांना ती हटकून धरते. औषधांच्या दुकानात किंवा बॅटरीवाल्याकडे मिळणारे डिस्टिल्ड वॉटर घ्या. नळाचे पाणी वापरू नका, कारण त्यातले क्षार वाळल्यावर खाचांतच बसतात. अर्ध्या लिटरमध्ये भांडी घासण्याच्या सौम्य द्रवाचे दोन थेंब पुरेत. तबकडी दोन्ही तळव्यांच्या कडेने, केवळ काठावर आणि मधल्या कागदी लेबलवर धरावी. लेबल कोरडे राहील अशा बेताने मऊ केसांच्या रुंद ब्रशने, खाचांच्या दिशेने म्हणजे गोल गोल, कधीही आडवे नाही, हलक्या हाताने फिरवावे. डागापाशी ब्रश दाबण्यापेक्षा द्रव मिनिटभर तसाच मुरू द्यावा. मग दोनदा निव्वळ डिस्टिल्ड वॉटरने धुऊन, ताटे निथळत ठेवण्याच्या जाळीत उभी ठेवून सावलीत वाळवावी. जुने कागदी पाकीट फेकू नका, ते वेगळे जपा, कारण पुष्कळदा त्यावरच मालकाची सही, तारीख किंवा दुकानाचा शिक्का असतो; तबकडी मात्र नव्या, आतून गुळगुळीत अस्तर असलेल्या पाकिटात घाला.

बाक काढण्यासाठी उन्हात ठेवणे किंवा इस्त्रीखाली दाबणे हे दोन्ही उपाय घातक आहेत. कडेचा थोडासा बाक असेल आणि सुई उडत नसेल, तर तो तसाच राहू द्यावा. तबकड्या आडव्या थप्पीत न ठेवता पुस्तकांसारख्या उभ्या, तिरप्या न होतील इतक्या दाटीने ठेवाव्यात.

प्लेयर उसना आणाल तेव्हा आधी वेग तपासा. रबरी पट्टा सैल पडला की तबकडी संथ फिरते आणि सगळे गाणे पाव-अर्धा स्वर उतरते. समूहगानात ते चटकन कळत नाही. यासाठी रेघांची वर्तुळे छापलेली स्ट्रोबोस्कोपची कागदी चकती मिळते, ती फिरत्या प्लेयरवर ठेवायची. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगासाठी १८० रेघांचे वर्तुळ पाहावे. निऑनच्या किंवा जुन्या ट्यूबलाइटच्या उजेडात त्या रेघा जागच्या जागी स्थिर दिसल्या की वेग बरोबर. बऱ्याचशा एलईडी दिव्यांखाली हा प्रयोग नीट होत नाही.

प्रश्न : हजरत इनायत खान यांचे स्वतःचे गाणे कधी ध्वनिमुद्रित झाले होते का? आमच्या वाड्यात माळ्यावर जुन्या लाखेच्या तबकड्यांची पेटी आहे; त्यात त्यांची एखादी असू शकेल का, आणि ओळखावी कशी?
— एक वाचक, रावपुरा

उत्तर : झाले होते. परदेशी जाण्याच्या आदल्या वर्षी, १९०९ मध्ये, कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीने त्यांची ३१ गाणी मुद्रित केली. हिंदुस्थानात ध्वनिमुद्रणे १९०२ पासून होऊ लागली, पण सुरुवातीला तबकड्या जर्मनीतल्या हॅनोव्हरला छापून आणाव्या लागत; कलकत्त्याला सियालदहचा कारखाना १९०८ मध्ये सुरू झाला, त्यामुळे ही मुद्रणे त्या कारखान्याच्या अगदी सुरुवातीच्या काळातली ठरतात. सारी मुद्रणे एकत्र करून १९९४ मध्ये ती दोन सीडींच्या संचात प्रसिद्ध झाली, आणि ती ऐकल्यावर पहिली जाणीव होते ती ही, की हा माणूस प्रवचनकार होण्याआधी पट्टीचा गवई होता. दोन-तीन मिनिटांच्या मर्यादेत चीज मांडणे, तान आटोपशीर घेणे आणि शब्द स्वच्छ ठेवणे या तिन्ही बाबतींत गायनशाळेची शिस्त जाणवते. आपल्या पहिल्या वाचकांनी अमेरिकन तबकडीनंतर हीच मुद्रणे ऐकावीत, असे मी सुचवीन.

आपल्या पेटीत अशी तबकडी असण्याची शक्यता थोडी असली, तरी पाहण्यासारखी नक्कीच आहे. त्या काळच्या लेबलवर ग्रामोफोनसमोर बसलेला कुत्रा नसून लेखणीने तबकडीवर लिहिणारा देवदूत असतो. नावापुढे ‘प्रोफेसर’ आणि ‘पठाण’ ही उपपदे व बडोद्याचा उल्लेख शोधावा. लाखेच्या तबकड्यांना स्पिरिट किंवा अल्कोहोल असलेला कोणताही द्रव लावू नका, लाख त्यात विरघळते. कोरड्या ब्रशने धूळ काढून, गरज पडल्यासच ओलसर कापडाने पुसून लगेच कोरडे करावे. एलपीची सुई या खाचांसाठी फार बारीक पडते. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या या तबकड्यांसाठीची वेगळी, सुमारे तिप्पट रुंद टोकाची सुई लागते. १९०९ च्या सुमाराची मुद्रणे नेमक्या ७८ च्या वेगाची असतीलच असे नाही, त्यामुळे आवाज अस्वाभाविक पातळ किंवा जड वाटला तर वेग थोडा कमी-जास्त करता येणारा टर्नटेबल वापरावा. माळ्यावरून पेटी उतरवताना तळाला हात देऊन उतरवा. लाखेची तबकडी व्हिनाइलसारखी लवचीक नसते, हातातून निसटली की तिचे तुकडेच होतात.

प्रश्न : आमच्या घरी दर गुरुवारी दत्ताची आरती आणि दत्तबावनी होते. माझ्या मुलाने अशीच एक सूफी भजनांची रेकॉर्ड आणली आहे. सासूबाईंना गाणे आवडते, पण देवघराशेजारी ती लावावी की नाही, असा त्यांना संकोच वाटतो. आपले मत काय?
— एक वाचक भगिनी, कारेलीबाग

उत्तर : आपल्या सासूबाईंचा संकोच आदराने घ्यायला हवा, कोणत्या ठिकाणी कोणते सूर असावेत, हा घरातल्या वडीलधाऱ्यांचा अधिकार आहे. त्यांना एवढे मात्र जरूर सांगावे, की आपण दर गुरुवारी जी दत्तबावनी म्हणता, ती मराठी घरातली असूनही गुजरातीत आहे. नारेश्वरचे रंग अवधूत महाराज हे मराठी कुटुंबातले, टेंबे स्वामींच्या परंपरेतले. १९३५ मध्ये त्यांनी ती गुजरातीत रचली, कारण ज्यांच्यासाठी ती होती त्यांची भाषा ती होती. बडोद्यातल्या मराठी कुटुंबांनी ती भाषांतर करून न घेता जशीच्या तशी स्वीकारली. दत्तसंप्रदायाला तर फकिराचे रूप मुळीच परके नाही. दत्तप्रभू मलंगाच्या वेषात भेटल्याच्या कथा आपल्या परंपरेतच आहेत. माझे मत असे, की आरतीच्या वेळी आरती असावी, आणि ती झाल्यावर बाहेरच्या खोलीत, सासूबाई बसलेल्या असताना, रेकॉर्ड लावावी. नाव घेणारा कोण आहे यापेक्षा नाव कसे घेतले जाते आहे, हे त्यांना आपोआप ऐकू येईल.

प्रश्न : सूफी क्वायरची तबकडी संगणकावर उतरवून ठेवणे कायद्याने चालते का? आणि ती विकावी की ठेवावी?
— दांडिया बाजारचे वाचक

उत्तर : आपल्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. म्हणजे १९७३ च्या तबकडीचा हक्क २०३३ अखेरपर्यंत आहे. १९०९ च्या मूळ मुद्रणांचा केव्हाच संपला. स्वतःच्या अभ्यासासाठी, घरगुती वापरासाठी प्रत काढून ठेवण्यास याच कायद्याच्या कलम ५२ मध्ये वाव आहे. ती सार्वजनिक ठिकाणी वाजवणे किंवा इंटरनेटवर चढवणे यांसाठी मात्र हक्कधारकांची परवानगी लागेल. उतरवताना २४ बिट, ९६ किलोहर्ट्झची वेव्ह फाइल करावी आणि खरखर काढण्याचे कोणतेही सॉफ्टवेअर न वापरता ती प्रत पहिल्यांदा तशीच जपून ठेवावी. स्वच्छ केलेली प्रत वेगळी. मुखपृष्ठाच्या दोन्ही बाजू, दोन्ही लेबले आणि शेवटच्या खाचेनंतरच्या गुळगुळीत भागात कोरलेले आकडे यांची छायाचित्रे घ्यावीत, कारण कोणत्या साच्यातून ती छापली गेली हे त्या आकड्यांवरूनच ठरते.

विकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. परदेशातल्या संग्राहकांकडून चांगली किंमत येईलही, पण तिथे ती अनेक तबकड्यांतली एक होईल. बडोद्यात ठेवली, आणि पुढेमागे विद्यापीठाच्या संगीत विभागाच्या ग्रंथालयाला तिची डिजिटल प्रत हक्कधारकांच्या परवानगीने देता आली, तर मौलाबक्षांच्या गायनशाळेवर अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला ती तिथेच, शाळेच्या जुन्या क्रमिक पुस्तकांशेजारी मिळेल. परवानगीचे पत्र इंग्रजीत कसे लिहावे याचा नमुना हवा असल्यास मासिकाच्या पत्त्यावर कळवावे, मी तो पाठवीन.